मंगळवारच्या तासाआधी

सांगली
रविवार, रात्र

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फोन तू ठेवलास की कट झाला, यावर आईचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. ती म्हणते रेंज गेली. असेल. "बाबा, मी तो फिक्शनचा क्लास ड्रॉप करतेय" एवढं मला स्वच्छ ऐकू आलं. त्यावर मी जे बोललो ते बोलायला नको होतं, आणि त्यात दादाचं नाव तर मुळीच काढायला नको होतं. झालं ते झालं. या पत्रात मी फक्त पुस्तकांबद्दल लिहिणार आहे. तू वर्गात बोलतेस की नाही, हा विषय मी काढणार नाही.

आधी व्यवहाराचं, नाहीतर ते राहून जाईल. आईच्या वहीत तुझी या सेमेस्टरची क्रेडिट १३ लिहिलेली आहेत. त्यातून ३ गेली की उरतात १०. अमेरिकेत एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पदवीला असणाऱ्या विद्यार्थ्याला सेमेस्टरला किमान १२ लागतात. त्याखाली जायचंच असेल तर तुमच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, आणि ती आधी, मागाहून नाही. 'आधी ड्रॉप करते, मग त्यांना मेल टाकते' असं करायला गेलीस तर स्टेटस हातचं जातं. शिवाय ड्रॉपची मुदत सेमेस्टरच्या सुरुवातीलाच संपते. आता जे होईल ते विथड्रॉ, म्हणजे ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू. त्याने जीपीए खाली येत नाही, पण क्रेडिटही मिळत नाही आणि फी बहुतेक परत येत नाही. कॅलेंडरवर तारीख बघ. पोर्टलवरचं बटण रात्री दोन वाजता दाबू नकोस, एवढंच म्हणणं आहे.

आता पेपर. तू पाठवलास तो दोनदा वाचला. बी मायनस बरोबर आहे. (आई शेजारून म्हणतेय, असं लिहू नका. पण बरोबर आहे.) इंग्रजी सुरेख आहे, चूक तिथे नाहीच. पाच पानांपैकी साडेतीन पानं 'द थिंग्ज दे कॅरीड'मध्ये, टिम ओ'ब्रायनच्या व्हिएतनाम युद्धावरच्या त्या कथांमध्ये, काय काय घडतं हे सांगण्यात गेली आहेत. ते पुस्तक तुमच्या प्रोफेसरबाईंनी वाचलेलं आहे. आपल्याकडे बारावीपर्यंत 'कथेचा आशय तुमच्या शब्दांत लिहा' याला मार्क पडतात, त्यामुळे इथून गेलेल्या मुलांचा पहिला पेपर हटकून याच खड्ड्यात जातो. तिथे मार्क दाव्याला असतात. दावा म्हणजे असं वाक्य, जे ऐकून शेजारचा म्हणू शकेल, मला नाही पटत. 'युद्ध माणसाला बदलून टाकतं' याला कोण नाही म्हणणार? तो सुविचार झाला, शाळेच्या फळ्यावर रोज एक लिहितात तसला.

दुसरी चूक बारीक दिसते, पण बाईंनी लाल रेघ तिथेच दोनदा ओढली आहे. तू लिहिलंस, 'ओ'ब्रायन आपल्या मुलीला सांगतो'. निवेदकाचं नाव टिम ओ'ब्रायन आहे हे खरं. लेखक १९६९-७० मध्ये व्हिएतनाममध्ये होता हेही खरं. पण पुस्तकातल्या टिमला कॅथलीन नावाची मुलगी आहे, आणि १९९० साली ते पुस्तक आलं तेव्हा लेखकाला मूलबाळ नव्हतं. पुस्तक अर्पण केलंय ते त्यातल्याच काल्पनिक सैनिकांना. हा सापळा त्याने मुद्दाम लावलेला आहे आणि तू त्यात सरळ चालत गेलीस. 'निवेदक टिम' असं लिहायचं. पूर्ण पेपरभर.

आता त्याच पुस्तकातलं एक शीत काढून दाखवतो. तिकडे क्लोज रीडिंग म्हणून ज्याचा एवढा बाऊ करतात ते म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काही नाही. फक्त शीत चिमटीत धरून दाबायचं असतं, आणि भात भात म्हणून ओरडायचं नसतं. पहिल्या कथेत सैनिकांच्या अंगावरच्या सामानाची यादी आहे, वजनांसकट. रेडिओ २६ पौंड. एम-६० मशिनगन गोळ्या न भरता २३ पौंड. लेफ्टनंट क्रॉसने जपून ठेवलेली मार्थाची पत्रं १० औंस, म्हणजे आपल्याकडची पावणेतीनशे ग्रॅमच्या थोडी वर. वाचता वाचता आपण या आकड्यांना सरावतो. आणि मग त्याच सुरात कळतं की टेड लव्हेंडर भेदरलेला असायचा म्हणून तो मन शांत करणाऱ्या गोळ्या बाळगायचा, एप्रिलच्या मध्यावर डोक्यात गोळी लागेपर्यंत. पुढचं वाक्य लगेच हेल्मेटचं: ५ पौंड.

इंग्रजीत तो मृत्यू 'अनटिल' या शब्दाच्या मागे आलाय. मुख्य क्रियापद 'बाळगायचा' हे आहे, मरण नुसतं गौण वाक्यात. हे एक शीत. आता दाबून बघ. ही माणसं मरणसुद्धा सामानासारखंच उचलतात, वजन करून, नोंद करून, चालत राहून. हा एक दावा झाला. कुणी म्हणेल, छे, हा बधिरपणा नाही. निवेदकाला त्या जागी थांबायची भीती वाटते म्हणून तो कडेकडेने जातो, आणि म्हणूनच लव्हेंडर त्या कथेत पुन्हा पुन्हा मरतो. हा दुसरा दावा, पहिल्याशी भांडणारा. असं भांडण लागलं की समजायचं पेपर सुरू झाला. आता कथाभर लव्हेंडरचं मरण जिथे जिथे येतं तिथे पेन्सिलीने खूण कर आणि दर वेळी कोणता नवा तपशील वाढतो ते समासात लिही. मुद्द्यांचा क्रम तिथेच हाताशी येतो, वेगळा आराखडा करायला लागत नाही.

हेच तू त्या गुरुवारी वर्गात म्हणाली असतीस तर. असो. तो विषय नाही.

अवतरणांचं प्रमाणही बघ. तू आठ ओळी उचलून ठेवल्यास आणि खाली लिहिलंस, 'यावरून दुःख दिसतं'. दोन ओळी घ्याव्यात आणि त्यांवर सहा ओळी स्वतःच्या लिहाव्यात, त्याही शब्दांवर: हेच क्रियापद का, वाक्य इथेच का तुटलं. गद्याचं अवतरण तुझ्या पेपरात चार ओळींच्या वर गेलं तर एमएलएच्या, म्हणजे तिकडच्या पेपर मांडायच्या ठरावीक पद्धतीच्या, नियमाने ते अर्धा इंच आत सरकवून, अवतरणचिन्हं काढून, वेगळ्या परिच्छेदात जातं. कंसात आडनाव आणि पान क्रमांक, मध्ये स्वल्पविराम नाही. गोष्टीतलं सांगताना वर्तमानकाळ: 'क्रॉस पत्रं जाळतो' असं, 'जाळली' असं नाही. तू दोन्ही काळ मिसळलेस. शेवटी वर्क्स सायटेड, म्हणजे संदर्भांची यादी, नव्या कोऱ्या पानावर. ही कारकुनी आहे, पण या कारकुनीचे मार्क फुकट मिळतात. फुकटचे मार्क सोडू नयेत, आपल्या घराण्यात तर नाहीच.

मंगळवारपासून टोनी मॉरिसन यांची कादंबरी 'बिलव्हेड' आहे. इथे मी जरा बसतो.

पहिली गोष्ट, वेळ. पहिल्या आवृत्तीत ते पावणेतीनशे पानांचं होतं, हल्लीच्या पेपरबॅकमध्ये सव्वातीनशेच्या आसपास भरतं. तुमच्या वेळापत्रकात त्याला चार तास दिलेत, म्हणजे एका तासाला ऐंशी पानं. तुझी कोडिंगची पुस्तकं तू कशी वाचतेस ते मला माहीत नाही, पण मॉरिसनची ताशी वीस-बावीस पानांच्या वर समजून होत नाहीत. म्हणजे दर तासामागे चार तास वाचन. ते दोन बैठकांत कर, सलग नको. आणि एक बैठक दिवसाउजेडी ठेव.

दुसरी गोष्ट, पहिली पन्नास पानं कळणार नाहीत. कुणालाच कळत नाहीत. एक घर आहे, त्याला नंबर आहे, त्यात एका बाळाचा राग भरलाय, आणि कोण कुणाचं याचा पत्ता लागत नाही. तू फोनवर म्हणालीस, "माझं इंग्रजी कमी पडतंय." ते खरं नाही. मॉरिसन यांनी स्वतःच एका व्याख्यानात सांगितलंय की वाचकाला असं एकदम, तयारीविना, अनोळखी जागी ओढून आणणं हेच त्यांना हवं होतं, कारण गुलामांना तसंच ओढून आणलं होतं. तेव्हा गोंधळलीस तर बरोबर वाटेवर आहेस. तुझ्या शेजारची ती ओहायोचीच मुलगी, जी खूप बोलते म्हणालीस, तीसुद्धा गोंधळलेली असते. फक्त ती मोठ्याने गोंधळते.

सारांश शोधायला जाऊ नकोस, साइटवरचाही नाही आणि त्या चॅटवाल्या यंत्राकडूनही नाही. पापपुण्याचा भाग सोड. हे पुस्तक एक गोष्ट अर्ध्यापर्यंत लपवून ठेवतं, आणि सारांश ती पहिल्या ओळीत सांगून टाकतो. मग मधली दीडशे पानं कशासाठी आहेत हेच कळेनासं होतं.

त्याऐवजी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन रकाने पाड. डावीकडे १८७३, म्हणजे कादंबरीचा 'आत्ता', सिनसिनाटीच्या वेशीवरचं ते घर. उजवीकडे 'आधी', म्हणजे केंटकीतलं स्वीट होम, गुलाम राबत तो मळा, नदी ओलांडणं आणि ते सगळं. प्रत्येक प्रसंग वाचला की चार शब्दांत ज्या त्या रकान्यात टाक. साठाव्या पानापर्यंत उजवा रकाना डाव्यापेक्षा लांब झालेला दिसेल. हे तुझं निरीक्षण, आयतं. घराच्या नंबरवर लक्ष ठेव: १२४. तीन भागांची पहिली वाक्यं याच आकड्याने सुरू होतात, आणि घर आधी द्वेषाने भरलेलं, मग गोंगाटाचं, मग शांत असतं. सेथेला, म्हणजे त्या घरातल्या आईला, चार मुलं. १, २, ४. मधला आकडा कुठे गेला ते बघ. बरेच वाचक हे पहिल्या वाचनात चुकवतात, तू चुकवू नयेस म्हणून सांगून टाकलं. उरलेलं सांगत नाही.

पहिला भाग निम्म्याहून मोठा आहे. त्याच्या शेवटाकडे एक प्रकरण येतं, चार घोडेस्वार अंगणात शिरतात ते. ते रात्री एकटीने वाचू नकोस. दुपारी, लायब्ररीत, माणसांत बसून वाच. आणि वाचताना हे बघ की ती घटना आपल्याला पहिल्यांदा सरळ दिसते ती कुणाच्या डोळ्यांनी. सेथेच्या नाही. पकडायला आलेल्यांच्या. म्हणून तिथली भाषा हिशेबाची आणि जनावरांची आहे, काय वाया गेलं, कशाचं नुकसान झालं. लगेच पुढे पॉल डीला, स्वीट होमवर सेथेबरोबर असलेल्या माणसाला, वर्तमानपत्राचं कात्रण दाखवतात. त्याला वाचता येत नाही. तो चित्रातल्या तोंडाकडे बघतो आणि म्हणत राहतो, हे तिचं तोंड नाही. एवढ्या एका हट्टावर पाच पानांचा पेपर होतो.

त्या कात्रणामागे खरी हकीकत आहे. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून कुटुंबासह सिनसिनाटीत आली, आणि पकडायला माणसं आली तेव्हा तिने आपल्या लहान मुलीला मारलं. मॉरिसन रँडम हाउसमध्ये संपादक असताना १९७४ च्या एका संकलनाच्या कामात हे कात्रण त्यांच्या हाती आलं. पण पेपरात गार्नर आणि सेथे एक करू नकोस. गार्नरला परत गुलामगिरीत पाठवलं, सेथेला नाही. तो फरक लेखिकेने केलाय, आणि का केला हा प्रश्न आहे.

आणि अगं, तू सिनसिनाटीतच आहेस! याचा विचार केलास का? अभ्यासक्रमातल्या सहा पुस्तकांपैकी एकाची जागा तुझ्या बसच्या अंतरावर आहे. ब्लूस्टोन रोड सापडणार नाही, तो कल्पित आहे. पण नदी खरी आहे. काठावर २००४ पासून अंडरग्राउंड रेलरोडचं, म्हणजे गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या गुप्त साखळीचं, मोठं संग्रहालय आहे, फ्रीडम सेंटर. आत केंटकीतून उचलून आणलेली ओंडक्यांची दुमजली कोठडी उभी केलीय, ज्यात विकायला नेण्याआधी माणसं डांबत. ती बघून बाहेर ये आणि पलीकडच्या काठाकडे बघ. तो काठ म्हणजे केंटकी. पुस्तकात 'नदी ओलांडली' हे दोन शब्द येतात तेव्हा ते अंतर डोळ्यांसमोर असू दे. शनिवारी जा. एकटी जाऊ नकोस, त्या बडबड्या मुलीला विचार.

एक गोष्ट मात्र तुझ्या वर्गात तुझ्याशिवाय कुणाकडे नसेल. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' निघालं, आणि ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. आपल्या कपाटात वरून दुसऱ्या फळीवर आहे, निळ्या पुठ्ठ्याचं. फुले दुरून सोडवणाऱ्यांकडे बघताहेत, आदराने. मॉरिसन त्याच वर्षी सुटलेल्यांच्या घरात शिरतात, आणि तिथे अजून काही सुटलेलं नाही. हे कुणाला चूक ठरवण्यासाठी नाही. पण १८७३ हा आकडा कादंबरीत का, यावर वर्गात बोलणं निघालं तर ही गोष्ट एका वाक्यात सांगता येते. एकाच वाक्यात, हं. त्याचं भाषण केलंस तर वर्ग नम्रपणे ऐकून घेईल आणि पुस्तक बाजूला राहील. दलित पँथरचं आणि ब्लॅक पँथरचंही तसंच. नाव घेऊन सुटायचं असेल तर घेऊच नये.

हे लिहिताना तुझा तो लाल डबा आठवला. कोल्हापूरच्या गाडीत तू कंडक्टरला मावशीच्या मांजरीची सगळी हकीकत सांगितली होतीस, कागलच्या काकांसकट, आणि तो बिचारा तिकिटाचं मशीन हातात धरून ऐकत उभा. मागून लोक ओरडायला लागले तरी तुझं संपेना. सातवीपर्यंत तू अशीच होतीस.

असो. जुम्पा लाहिरी नोव्हेंबरात आहे, पण आत्ताच सांगतो, कारण तिथे एक वेगळा खड्डा आहे. 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज'मधली मिसेस सेनची कथा येईल, आणि त्यात विळी येईल. बाई भाषणाच्या ओघात तुझ्याकडे बघतील. वर्गात तू एकटी भारतीय असलीस तर सगळेच बघतील. तेव्हा 'आमच्याकडे असं असतं' असं सुरू करू नकोस. तू तिथे भारताची प्रदर्शन-मार्गदर्शक म्हणून फी भरलेली नाहीस. शिवाय मिसेस सेन बंगाली आहे. तिच्या विळीवर मासा चिरतात, आपल्या विळीच्या टोकाला नारळ खवायची खवणी असते. त्यावर बोलायला लागलीस की कथा गेली स्वयंपाकघरात.

पण तुला जे ठाऊक आहे त्याने कथा उघडता येते. ती वस्तू पहिल्यांदा दिसते ती अकरा वर्षांच्या एलियटच्या नजरेतून, आणि वर्णन काय आहे? व्हायकिंग जहाजाच्या नाळेसारखं वळलेलं पातं, दूरच्या समुद्रावर लढाईला निघालेलं. आता विचार कर. तुझ्या आजीच्या विळीकडे बघून तुला कधी जहाज दिसलं? लढाई? तुला तरी ती पाटासारखीच घरातली वस्तू. म्हणजे हे रूपक त्या मुलाचं आहे, त्याच्या वाचनातून आलेलं, आणि लेखिकेने ते हिशेबाने त्याच्याकडे दिलंय. आणि मग मिसेस सेन स्वतः बोलायला लागते तेव्हा तीच वस्तू बदलते. लग्नघरी शेजारणी आपापल्या विळ्या घेऊन गच्चीवर येतात, गोल करून बसतात आणि रात्रभर गप्पा मारत पन्नास किलो भाजी चिरतात. एलियटला जे हत्यार दिसतं ते तिला शेजार आहे. ती पुढे म्हणते की त्या गप्पांनी तिथे झोप लागत नसे, आणि इथे इतक्या शांततेत झोप लागत नाही.

तुला झोप लागते ना, सई? आई विचारतेय. म्हणजे मीच विचारतोय.

बाकीच्या पुस्तकांचं भराभर सांगतो. लुईस अर्ड्रिकचं 'लव्ह मेडिसिन' घेताना आवृत्ती बघून घे. १९८४ ची एक, १९९३ ची वाढवलेली, २००९ ची पुन्हा फिरवलेली. प्रकरणंच कमीजास्त आहेत, त्यामुळे जुनी स्वस्तातली प्रत घेतलीस तर वर्गात 'पान अमुक' म्हटल्यावर तुझ्याकडे ते प्रकरणच नसेल. जेनिफर इगनच्या 'अ व्हिजिट फ्रॉम द गून स्क्वॉड'मधलं एक प्रकरण पूर्णपणे पॉवरपॉइंटच्या स्लाइडमध्ये आहे. ते फोनवर वाचू नकोस, बाणांच्या दिशा हाच तिथला मजकूर आहे. कागदी प्रत घे. डेलिलोच्या 'व्हाइट नॉइज'मध्ये विषारी वायूचा ढग येतो आणि आपल्यातल्या कुणालाही भोपाळ आठवतं. त्यावर लिहायला हरकत नाही, पण 'भोपाळवरून सुचलं' असं लिहिलंस तर बाई लगेच पकडतील. भोपाळ २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र, आणि पुस्तक बाजारात आलं जानेवारी १९८५ ला. छापखान्याचे महिने मोज. तो सुचण्याचा प्रश्न नाही. वाचणारे त्या सुमारास वर्तमानपत्रात काय वाचत होते, हा प्रश्न आहे.

आता मी म्हटलं होतं की काढणार नाही, तो विषय.

तुमच्या अभ्यासक्रमाच्या कागदावर सहभागाला २० टक्के लिहिलेत. दोन पेपर मिळून ५०. हिशेब तूच माझ्यापेक्षा चांगला करतेस: दोन्ही पेपर उत्तम लिहून पूर्ण सेमेस्टर गप्प बसलीस तर ए हातात येत नाही. सहभाग म्हणजे हुशार बोलणं असं तुला वाटतंय, हे मला पेपर वाचून कळलं, कारण पेपरात तू दर परिच्छेदात पूर्ण पुस्तकावर निकाल द्यायला बघतेस. तसलं मोठं वाक्य वर्गात तयार होईपर्यंत चर्चा तीन पानं पुढे गेलेली असते, आणि मग ते गिळावं लागतं. असं चार वेळा झालं की जीभ उचलेनाशी होते. तेव्हा लहान वाक्य ने. घरूनच लिहून, चिठ्ठीवर. 'पान अमुकवर हा शब्द आहे, आणि आधी तो अमुक पानावर आला होता.' बास. निष्कर्ष नको. पहिल्या दहा मिनिटांत म्हणून टाक. दहा मिनिटांनंतर मनात सभा भरते आणि ठराव नामंजूर होतो. पान क्रमांक सांगितलास की सगळे पान उलटायला लागतात, तुझ्याकडे कुणी बघत नाही. हा त्यातला खरा फायदा.

आणि बाईंच्या ऑफिस अवर्सला, म्हणजे मुलांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला, जा. पेपर घेऊन जा, मार्क वाढवायला नाही. एकच प्रश्न विचार: यातलं कोणतं वाक्य पुढच्या पेपराचं बीज होऊ शकेल? बहुतेक वेळा तिथे रांग नसते. मुलं जात नाहीत. बोलायचं जमत नसेल तर तेही तिथेच सांग, सरळ. पुष्कळ जण लेखी टिपण सहभागात धरतात, पण विचारल्याशिवाय कोण सांगणार?

लेक्चर झालं. माफ कर. आईने दोनदा दिवा घालवून पाहिला.

'बिलव्हेड'मध्ये डेनव्हरवर लक्ष ठेव, एवढं सांगून थांबतो. सेथेची धाकटी. शाळेत एक मुलगा तिला तिच्या आईबद्दल एक प्रश्न विचारतो, आणि उत्तर ऐकायला नको म्हणून तिचे कान दोन वर्षं बंद होतात. मग ती त्या घराबाहेर पडतच नाही. तिसऱ्या भागात ती पायरीच्या कडेला उभी राहते आणि उतरते. कशी उतरते, खाली कुणाला जाऊन काय सांगते, आणि मग शेजारपाजारच्या बायका तिच्यासाठी कुंपणाशी डबे ठेवायला लागतात, भांडं परत कुणाचं करायचं ते कळावं म्हणून नावाची चिठ्ठी लावून, ते सगळं वाच. मी त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायला घेतलं की ते पुस्तकाबद्दल राहणार नाही, आणि मी कबूल केलंय.

तू क्लास ठेवलास तरी, सोडलास तरी फोन कर. आधी ऑफिसला विचारून सोड, एवढंच. दादाचं जे बोललो ते त्यालाही सांगितलंय मी. तो हसला.

तुझा,
बाबा

ता. क. तुझी 'बिलव्हेड'ची प्रत कोणती आहे? कॉपीराइटच्या पानाचा फोटो पाठव. माझ्याकडची जुनी आहे, पान क्रमांक जुळणार नाहीत. तुझ्याकडची कळली की तशीच एक मागवतो. मग मंगळवारी चिठ्ठीवर कोणतं पान लिहिलंस ते सांग, मीही इथे तेच उघडून बसेन. तुमचा तास आमच्या रात्री साडेअकराला सुरू होतो. मी जागाच असतो.